नोकरी सांभाळून घरबसल्या ऑनलाइन जास्तीचे पैसे कसे कमवावेत?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळचे दोन तास हाताशी आहेत, खिशातून काही घालायचं नाही आणि 'सर्व्हे भरा, पैसे मिळवा' करून कंटाळलात. सर्व्हेचं सोडाच, त्यात वेळ जातो आणि हाती चिल्लर लागते.

मी ट्रान्सक्रिप्शन करते. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. पहिल्या कामाचा दर वाचून मी हरखलेच होते. गोम अशी की तो दर रेकॉर्डिंगच्या तासाचा होता, माझ्या तासाचा नव्हे. तासाभराची ती मुलाखत उतरवायला मला तीन संध्याकाळी लागल्या, म्हणजे सरळ सहा तास. दोघं एकदम बोलतायत, मागे पंखा घरघरतोय आणि मी तेच चार शब्द पुन्हापुन्हा मागे नेऊन ऐकतेय. शेवटी दराला सहाने भागलं आणि हिरमुसून बसले. पुढे 'थांबव' आणि 'तीन सेकंद मागे' या दोन्ही गोष्टी कीबोर्डवर लावून घेतल्या, माऊसला हात लावणं बंद केलं, तेव्हा तेवढंच काम चार तासांत होऊ लागलं. त्यामुळे कुठलंही काम घेताना आधी विचारा, दर कशाचा आहे: शब्दाचा, मिनिटाचा, की तुमच्या तासाचा?

हल्ली पहिला खर्डा मशीनच करतं आणि माणसाकडे तपासायला येतं. दर त्यामुळे उतरलेत, खोटं कशाला सांगू? पण नावं आणि आकडे आले की मशीन हमखास माती खातं. 'एकोणसाठ'चं 'एकोणसत्तर' करून मोकळं होतं, आणि वाक्य वाचताना काही खटकतही नाही. म्हणून नुसतं वाचून चालत नाही, कानाला हेडफोन लावूनच तपासावं लागतं.

बाकीच्या वाटांपैकी शिकवणी मला सगळ्यात बरी वाटते. एखादा विषय पक्का असेल तर दोन तासांचे दोन तासच मोजले जातात, फक्त आधीची तयारी हिशेबात धरायची. भाषांतर, डिझाइन, हिशेब लिहिणं अशी कामं अपवर्क, फायव्हरसारख्या साइटवर मिळतात. फायव्हर तुमच्या कमाईतून 20 टक्के कापून घेतं, ग्राहकाने खूश होऊन वर काही दिलं तर त्यातूनही, तेव्हा दर लावताना ते धरूनच लावा. सुरुवातीचे एकदोन महिने कोरडे जाऊ शकतात. 'मी सगळं करते' असं लिहिणाऱ्याला कोणी काम देत नाही. 'मुलाखती उतरवून देते, वेळेच्या नोंदींसकट' असं लिहिल्यावर मला विचारणा यायला लागल्या.

यूट्यूबचं स्वप्न बघत असाल तर जरूर बघा, पण जाहिरातींतला वाटा सुरू व्हायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं गेलेलं असावं लागतं (किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज). पाच मिनिटांचा व्हिडिओ 48,000 वेळा पूर्ण पाहिला गेला की ते 4,000 तास भरतात. यंदाच्या खर्चाला तो पैसा धरू नका.

आता खिशातून न घालण्याबद्दल. तुम्हाला कधी ना कधी मेसेज येईल: व्हिडिओ लाइक करा, पैसे घ्या. पहिल्या दिवशी थोडे पैसे खरंच जमा होतात, गळाला आमिष म्हणून. मग 'मोठ्या टास्क'साठी आधी भरणा करायला सांगतात. स्क्रीनवर तुमची शिल्लक फुगत जाते, आणि काढायला गेलात की 'आधी कर भरा'. तो आकडा नुसता स्क्रीनवरच असतो. काम देणारा पैसे मागायला लागला की नंबर ब्लॉक करायचा, वाद घालत बसायचं नाही.

एक राहिलंच. काम देण्याआधी दोन-तीन मिनिटांचा तुकडा चाचणी म्हणून मागितला तर द्या, ते रास्त आहे. मी सुरुवातीला एकाला 40 मिनिटांची 'चाचणी' उतरवून दिली होती. त्याचं उत्तर अजून यायचंय.