ओहोटीचे तास

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची वाढत्या समुद्रावरची चित्रं मिळाली. तरंगती घरं छान उतरली आहेत. कमानीपर्यंत बुडालेला गेटवे तर कुणीही भिंतीवर लावेल. पण तू मत विचारलंस म्हणून सांगतो, सध्या दोन्ही बाजूला ठेव. समुद्र वाढणार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे भरती येते. आपल्या किनाऱ्याला त्याचा चटका आधी ओहोटीत बसणार आहे, आणि ओहोटीचं चित्र अजून फारसं कुणी काढलेलं नाही.

आधी आकडा घे. 1901 ते 2018 या काळात जगभरातली समुद्रपातळी सरासरी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. त्यातल्या 2006 ते 2018 या वर्षांतला वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर होता. गरम झालेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो, ही त्याची मुख्य कारणं. उत्सर्जन मध्यम राहिलं तरी या शतकाच्या अखेरीस आणखी 44 ते 76 सेंटिमीटरचा अंदाज आहे. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो; त्यापुढे वीतभर वाढ म्हणजे काय, असं कुणालाही वाटेल. अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीची नोंद होत आली आहे. असला कंटाळवाणा कागद दीडशे वर्षं कुणीतरी सांभाळला, म्हणून ही वीत आपल्याला दिसते तरी.

ही वीत काय करते ते बघायला गोव्यात जा. मांडवीच्या काठी दिवाडीला, चोडणला खाजन जमिनी आहेत. चिखलाचा बांध, पाण्याच्या अंगाला जांभ्याचे चिरे, आत भातशेती, आणि बांधात एक मानस, म्हणजे पाणी सोडायचं दार. आपल्या रायगडातल्या खारजमिनींत तिला उघाडी म्हणतात. मानशीजवळ उकिडवा बसून नीट बघ. लाकडी फळ्यांचं दार, खालचा भाग शेवाळाने हिरवा, कडेला कालवांची खरखरीत रांग. भरती चढू लागली की खाडीचं पाणीच दार चौकटीवर दाबून धरतं. ओहोटीत बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. मोटार नाही, चालक नाही. आत पोंय नावाचं तळं असतं. दार बंद असेपर्यंत पाणी तिथे थांबतं. मला विचारशील तर इतकं नेमकं डिझाइन मी कुठल्याही प्रदर्शनात पाहिलेलं नाही.

आता गणित कर. समज, पाणी सरासरी पातळीच्या एक मीटर वर आणि एक मीटर खाली जातं, आणि आतलं पाणी सरासरीच्या अर्धा मीटर खाली आहे. साडेबारा तासांच्या एका फेऱ्यात दार साधारण चार तास उघडं राहील. समुद्र 20 सेंटिमीटर चढव आणि तेच पुन्हा मांड. तीन तास आणि थोडी मिनिटं उरतात. वीतभर वाढीने पाणी काढायचा जवळजवळ एक तास गेला, तोही प्रत्येक ओहोटीला, आणि जे तास उरले त्यांतही पाण्याचा जोर कमी. बांध कुठे फुटलेला नाही, भरती बांधावरून आलेली नाही, तरी आषाढात भात पाण्याखाली.

मुंबईचं दुखणं हेच आहे. शहरातल्या कित्येक नाल्यांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच भरती आली. मग हाजी अली, इर्ला इथे पंप बसले, दादरच्या सखल हिंदमातासाठी जमिनीखाली साठवण टाक्या आल्या. त्या टाक्या म्हणजे शहरातली पोंय. तळी आणि मिठागरं बुजवायची आणि मग तेवढ्याच कामासाठी जमीन खोदायची, हा आपला खाक्या.

तू नेदरलँड्सचं लिहिलं आहेस. रॉटरडॅमजवळचं, वादळात समुद्र अडवायला मिटणारं ते महाद्वार 1997 पासून उभं आहे आणि खरोखर थोर आहे. पण ते मिटलं की ऱ्हाइन नदीचं पाणी मागे साचू लागतं, म्हणजे प्रश्न तिथेही तोच. तेव्हा भिंत किती उंच हा प्रश्न इंजिनिअरांना विचार. तुझ्यासारख्या डिझायनरने विचारायचं ते असं: दार किती रुंद, तळं किती मोठं, दुसरं दार कुठे बसेल, आणि दाराचा ताबा कुणाकडे. शेवटचं विसरू नकोस. मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत हवं, कारण कोळंबी त्याच्याबरोबर येते. शेतकऱ्याला ते नको. हा तंटा समजून न घेता दाराचं रेखाचित्र काढलंस तर ते कागदावरच राहील.

आणि कलेचं काय, हे तू दोनदा विचारलं आहेस. ईव्ह मोशर या कलावतीने 2007 मध्ये न्यूयॉर्कमध्ये काय केलं बघ. मैदान आखायला फक्की टाकतात तसलं यंत्र घेऊन ती रस्त्यांवरून चालत निघाली आणि समुद्रसपाटीपासून दहा फूट उंचीवर निळ्या खडूची रेघ ओढत गेली, शंभर किलोमीटरहून जास्त. लोक थांबून विचारायचे, हे काय चाललंय? ती सांगायची. 2012 मध्ये सँडी वादळ आलं आणि पाणी बऱ्याच ठिकाणी त्या रेघेच्या आसपास पोहोचलं. मला त्यातली रेघ जितकी आवडते त्याहून ती दारोदारची बोलणी आवडतात. आपल्याकडे अनुराधा माथुर आणि दिलीप डा कुन्हा यांनी 2009 मध्ये मुंबईतल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात खाडीतलं शहर म्हणून मुंबई मांडली. नकाशाबरोबर त्यांनी छेद काढले, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तशी चित्रं. छेदात पाण्याची उंची दिसते. वरून काढलेल्या नकाशात नुसती किनाऱ्याची रेघ असते, आणि ती रेघ ओहोटीला कुठे जाते ते कळत नाही.

तर तुला काम देतो. एक उघाडी निवड, पेणकडची चालेल. पोहोचल्यावर आधी गावच्या माणसांना भेट, काय करणार ते सांग, परवानगी घे. भरतीची वेळ कोळी तिथीच्या पाऊणपटीने काढतात: अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. खाडीत आत वेळ थोडी सरकते, तीही त्यांनाच विचार. दाराच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन मोजपट्ट्या रोव. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही वाच, एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत. एकदा भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, एकदा पुनवे-अवसेच्या उधाणाला. मोबाइलवर नको, मोठ्या कागदावर दोन शाईंनी हाताने काढ. मग बाहेरची रेघ ट्रेसिंगवर उतरवून 20 सेंटिमीटर वर सरकव, आणि दार उघडं राहण्याचा जो वेळ गेला तो रंगव. तो कागद आधी गावात लाव, गॅलरीचं नंतर बघू.

गमबूट घेऊन जा, कालवांनी पाय कापतात. उधाणाच्या दिवशी एकटं जाऊ नकोस. पहिला आलेख झाला की फोटो पाठव, म्हणजे दाराच्या रुंदीचं बोलायला घेऊ.