पहिला सोन्याचा डाग (दागिना) घेताय? आधी आकडा बघा

ताई, कॅरेटच्या घोळात फार अडकू नका. अंगावर घालायचा डाग 22 कॅरेटचा घ्या. त्यावर 916 कोरलेलं असतं, म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं. 24 कॅरेट मऊ, ते वेढणी नाहीतर नाणं म्हणून ठेवायला बरं. खड्यांच्या दागिन्याला 18 (म्हणजे 750) चालतं, पण मग भावही 18 चाच लावून घ्या. लातूर असो की जालना, सराफ्यात नवखे इथंच चुकतात:

- सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला हॉलमार्कचा ओळख क्रमांक) बघतच नाहीत. बीआयएस केअर ॲपवर टाका, शुद्धता लगेच दिसते.
- बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. तिचं वजन सोन्यात धरू देऊ नका, कितीही ओळखीचा सराफ असला तरी!
- घडणावळ आधी विचारत नाहीत.

पावती पक्कीच घ्या. मोडीचं (जुना डाग सराफाला परत देण्याचं) गणित नंतर सांगते.