आता कोणत्या तोंडानं जाऊ?

‘ताई, माझ्या जिवलग मैत्रिणीचा नवरा आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला. एकदा भेटून आले, त्यानंतर साधा फोनही केला नाही. खरं सांगू? बातमी कळली तेव्हा मनात पहिलं आलं ते हे, की एवढ्या सिगारेटी ओढायचा, दुसरं काय होणार होतं! स्वतःचीच किळस वाटते. आता कोणत्या तोंडानं जाऊ?’

कोणत्या म्हणजे? आहे त्याच तोंडानं. पण आधी त्या सिगारेटीचं बोलू, कारण आठ महिने तुम्हाला अडवलंय ते तिनंच.

असा विचार घाबरलेल्या मनाला येतो. गेलेल्याची चूक सापडली की ‘आमच्या घरात कुणी ओढत नाही, म्हणजे आम्ही सुटलो’ अशी समजूत काढता येते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात, पण आपण शहाणे होत नाही, नुसते निर्धास्त होतो. १९६६ साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना पडद्यावर एक तरुणी दाखवली. उत्तर चुकलं की तिला विजेचा झटका बसायचा. (झटके खोटे होते, बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.) तिची सुटका करणं ज्यांच्या हातात होतं, त्यांतल्या बहुतेकींनी ती केली. ज्यांना नुसतं बघायचं होतं आणि हाल पुढेही चालणार हे माहीत होतं, त्यांनी तिलाच नावं ठेवली.

तुम्ही आठ महिने नुसत्या बघताय.

तर जा. जाताना लांबलचक खुलासा नेऊ नका, नाहीतर तीच बिचारी तुमचे डोळे पुसत बसेल. ‘यायला हवं होतं, आले नाही, चुकलंच माझं’ एवढं बास. सिगारेटीचा विचार तिला सांगून मोकळं व्हावंसं वाटेल. तिथे मात्र जीभ आवरा. मला लिहिलात, तेवढं पुरे. त्याचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण काढा. एव्हाना तिच्यासमोर सगळे त्याचं नाव टाळत असतील. आणि ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, असं म्हणणाऱ्याला कुणी कधी काही सांगत नाही. बँकेचे कागद, विम्याचा क्लेम, जे अडलं असेल त्यातलं एक काम उचला.

ती चिडेल कदाचित. चिडू द्या, तेवढं तिचं तुमच्याकडून येणं आहे. दार लावून घेतलं, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.