हिशेब विचारणारी मुलगी

प्रश्न : मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत माझी छोटी फाउंड्री आहे. मुलगी अकरावी कॉमर्सला आहे, दहावीला 91 टक्के होते. बारावीनंतर तिला बिझनेसच्या पदवीसाठी अमेरिकेला पाठवायचं मी ठरवलं आहे. प्रोफाइल तयार करून देणाऱ्या सल्लागारांनी सांगितलं की एक मोठा लीडरशिप प्रोजेक्ट हवाच. म्हणून आमच्या भागातल्या धर्मादाय रुग्णालयाला डायलिसिस मशीन देण्यासाठी 10 लाखांची निधी मोहीम ठरवली आणि प्रमुख म्हणून तिचं नाव टाकलं. पहिले 2 लाख मी घालतो. व्हेंडर मंडळी मला नाही म्हणणार नाहीत, कामगार एक दिवसाचा पगार देतील. लोगो झाला, बॅनर झाले. तिनं फक्त पुढं उभं राहायचं आणि चार ठिकाणी बोलायचं. पण ती म्हणते, असे पैसे मागायला मला जमणार नाही. मुळात हट्टी आहे, लोकांत मिसळत नाही. गेल्या गणपतीत मंडळाच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती घेऊन बसली, बँकेतल्या भरण्याशी ताडून पाहिल्या आणि तीन पावत्यांचे पैसे कुठं गेले म्हणून खजिनदार काकांना सगळ्यांसमोर विचारलं. मला मान खाली घालावी लागली. तिच्यात नेतृत्वगुण यावेत यासाठी काय करावं?

— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रात मुलीचे गुण आहेत, शाखा आहे, देश ठरलेला आहे, निधीचा आकडा आहे, बॅनरसुद्धा आहेत. तिला काय शिकायचं आहे, हे मात्र कुठंच नाही. तिचं स्वतःचं म्हणून एकच वाक्य पत्रात आलंय आणि ते नकाराचं आहे. तो नकार कसा मोडून काढायचा, हे तुम्ही मला विचारताय. मी त्यात मदत करणार नाही. कारण सांगते.

व्हेंडर 'नाही म्हणणार नाहीत' असं तुम्ही लिहिलंय. का नाही म्हणणार? पुढच्या महिन्याची ऑर्डर तुमच्या हातात आहे म्हणून. कामगार एक दिवसाचा पगार देतील, कारण मागणारी मालकाची मुलगी आहे. याला देणगी म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. भट्टीपुढं आठ तास उभं राहणाऱ्या माणसाला एका दिवसाचा पगार म्हणजे काय असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच्या घरात डायलिसिसचा पेशंट असला तरी तो तुमच्यासमोर मान डोलावेल. आणि सोळा वर्षांच्या मुलीला यातून काय कळेल? की वडिलांचा दबदबा असला की लोक पैसे देतात, आपण फोटोत मधोमध उभं राहायचं. तुमच्या मुलीला हे जमणार नाही असं ती म्हणत असेल, तर तिला कसलाही आत्मविश्वास कमी नाही. बापाला समोरासमोर नाही म्हणायला किती लागतो, याचा अंदाज तुम्हाला असेलच.

पत्रात तिनं फक्त 'पैसे मागायला जमणार नाही' म्हटलेलं नाही. तुम्ही जसंच्या तसं लिहिलं असेल, तर ती 'असे पैसे' म्हणाली आहे. तिला विचारलंत का, असे म्हणजे कसे? एकदा संध्याकाळी विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये तोडू नका.

आता सल्लागारांचं. ही समजूत मला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या पत्रात भेटते, म्हणून सविस्तर लिहिते. परदेशी प्रवेशासाठी एक 'लीडरशिप प्रोजेक्ट' लागतो, तो जितका मोठा तितका चांगला, आणि निधी उभारला तर सोन्याहून पिवळं. यातलं बरंचसं चुकीचं आहे. जर्मनीत तुमचे विषय, गुण आणि एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा दाखला) बघतात. तुम्ही कुणासाठी किती लाख जमवले याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ब्रिटनमध्ये मुख्य भर विषयाच्या अभ्यासावर असतो. अमेरिकेत उपक्रमांना किंमत आहे, हे खरं. पण तिथल्या बऱ्याच विद्यापीठांसाठी जो सामाईक अर्ज भरतात, त्यात उपक्रमांचे दहा रकाने असतात आणि एकेका उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरं, शब्द नव्हे. त्यात तुमचा लोगो मावत नाही. अर्ज वाचणारी माणसं वर्षानुवर्षं हेच काम करतात. अकरावीत अचानक उगवलेली, तीन महिन्यांत 10 लाख जमवून थांबलेली आणि पुन्हा कुठंच न दिसणारी मोहीम त्यांना लगेच ओळखू येते. 2016 मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या एका प्रकल्पानं या विषयावर अहवाल काढला आणि तिथल्या कित्येक विद्यापीठांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला. त्याचा रोख असा होता की मुलांनी स्वतः निवडलेलं, दीर्घकाळ चालवलेलं काम बघा. घरातली जबाबदारी, भावंडांना सांभाळणं यालाही मोल द्या. अर्जाला शोभा म्हणून केलेल्या सेवेला भुलू नका. तुमच्या सल्लागारांना हे ठाऊक नसेल तर त्यांची फी जास्त आहे. ठाऊक असून सांगितलं नसेल, तर फार जास्त आहे.

बरं, मोहीम म्हणून तरी ती नीट आखलीय का? डायलिसिस मशीन हवं, हे रुग्णालयानं सांगितलं की तुम्हीच ठरवलं? मशीनवर देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते, म्हणून मशीन देणारे भेटतात. पण मशीन आलं की त्याला आरओचं शुद्ध पाणी लागतं, प्रशिक्षित तंत्रज्ञ लागतो, प्रत्येक वेळी डायलायझर म्हणजे रक्ताची गाळणी, नळ्या, द्रावणं लागतात. रुग्ण आठवड्यातून दोनदा-तीनदा येतो आणि एका वेळेला चारेक तास पडून राहतो. चंदगडहून कोल्हापूरला येणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात जातो, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. कदाचित त्या रुग्णालयाला मशीनपेक्षा तंत्रज्ञाचा वर्षाचा पगार हवा असेल, किंवा पेशंटच्या एसटीच्या तिकिटाचे पैसे. मोहीम चालवणाऱ्यानं पहिल्या दिवशी करायचं काम म्हणजे रुग्णालयाच्या कचेरीत जाऊन हे विचारणं. बॅनर त्यानंतर.

कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढं वसतिगृहातल्या मुलांसाठी गावोगावच्या बायका दळण दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या, तो मुष्टिफंड. आपली मूठ कुणाच्या ताटात जाते हे त्या बायकांना माहीत होतं. त्या फंडामागं कुणाची ऑर्डर अडकलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट, आणि ही कायद्याची आहे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या व्यक्तीला किंवा मंडळाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच ही. 'चांगलं काम आहे, परवानगी कशाला' असं म्हणून चालत नाही. तुमची मुलगी अठराच्या आतली आहे. प्रमुख म्हणून नाव तिचं असलं तरी सह्या तुमच्या, खातं तुमचं आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर उत्तरही तुम्हालाच द्यायचं आहे. बोट मात्र तिच्या फोटोकडं जाईल. रुग्णालयाचा न्यास नोंदणीकृत असेल, तर देणाऱ्यानं थेट त्यांच्याच खात्यावर भरावं आणि त्यांचीच पावती घ्यावी, हा सरळ रस्ता आहे. मध्ये तुमच्या घरचं खातं नको.

आणि आता मी ज्या वाक्यापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबले, ते. तीन पावत्या.

तुम्ही ही तक्रार म्हणून लिहिलीत. मी ती दोनदा वाचली आणि मला फार बरं वाटलं. सोळा वर्षांची मुलगी, गणपतीच्या धामधुमीत, ढोलताशे चालू असताना स्थळप्रती घेऊन बसते, एकेक नंबर बँकेच्या भरण्याशी लावून बघते, तीन नंबर जुळत नाहीत हे तिच्या लक्षात येतं, आणि ती ते ज्याला विचारायचं त्यालाच विचारते. पाठीमागं कुजबुजत नाही. हे तिला कुणी शिकवलं? शाळेत शिकवत नाहीत. पैसे जमवायला आपल्याकडं माणसं कमी नाहीत; तालमीतली चार पोरं दुपारपर्यंत एक पेठ पालथी घालतात. जमलेल्या पैशाचा पैन्पै हिशेब लावणारं माणूस शोधायला जाल तर दिवा घेऊन फिरावं लागेल. कदाचित त्या तीन पावत्यांत काळंबेरं काहीच नसेल. काकांनी रोख मांडववाल्याला दिली असेल आणि नोंद करायची राहिली असेल, बहुतेक वेळा असंच असतं. पण प्रश्न बरोबर होता. सगळ्यांसमोर विचारायचा की आधी एकटं गाठून, एवढंच तिला शिकायचं आहे, आणि ते ती शिकेल. तुम्ही मान खाली घातलीत, याचंच मला वाईट वाटलं. त्या दिवशी तिला तुमच्याकडून वेगळं काही हवं असणार.

म्हणून नेतृत्वाचा विषय मी इथं बंद करते आणि दुसराच उघडते. या मुलीला हिशेबात, तपासणीत, कायद्याच्या चौकटीत रस आहे का, ते बघा. सीएचा रस्ता तुम्हाला माहीत आहे : बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट, नव्या योजनेत दोन वर्षांची आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, मग फायनल. सीएमए (उत्पादन खर्चाचा हिशेब) आणि सीएस (कंपनी सचिव) यांचीही माहिती घ्या. पण तिला हेही कळू द्या की सीए म्हणजे फक्त कारखान्यांची रिटर्न्स भरणं नव्हे. नोंदणीकृत न्यासांचे हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय कार्यालयाला सादर व्हावे लागतात. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते, आणि ती कुठं गेली हे बघणारी माणसं कंपन्यांनाही लागतात, संस्थांनाही. परदेशी देणग्यांचे नियम आणखी वेगळे आणि कडक. या क्षेत्रात कळकळीची माणसं पुष्कळ आहेत, ताळेबंद वाचता येणारी थोडी. पगार बड्या फर्मइतका मिळणार नाही, हेही सांगून टाका. अमेरिका पदवीनंतरही तिथंच असेल.

आता चार ओळी तुझ्यासाठी, कारण बाबा हे तुला वाचायला देतील अशी आशा आहे. तुला मोहिमेचं प्रमुख व्हायचं नसेल तर होऊ नकोस, कारण देत बसायचीही गरज नाही. करायचंच असेल तर सुट्टीत त्या रुग्णालयाच्या लेखा विभागात जा आणि म्हण, मला देणग्यांच्या नोंदी कशा ठेवतात ते बघायचंय. देणगीवरची आयकर सवलत, जिला 80जी म्हणून ओळखतात, ती म्हणजे काय, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत का मिळत नाही, नवी करप्रणाली घेतलेल्या देणगीदाराला तिचा उपयोग का होत नाही, देणगीदाराला देणगीचं प्रमाणपत्र कधी द्यायचं, हे तिथं एका महिन्यात समजेल. कंटाळा आला तर तेही कळलं म्हणायचं, मग सीएचा विचार सोडून दे. रमलीस तर वर्षभर जात राहा. कुणाला दाखवायला नको. आणि यंदाच्या गणपतीत पावती फाडली की त्याच दिवशी वहीत चढवायची, खात्यावर दोन सह्या ठेवायच्या आणि विसर्जनानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च मांडवाच्या जागी कागदावर लावायचा, एवढ्या तीन गोष्टी मंडळाला लेखी सुचव. खजिनदार काकांना आधी दाखव. ते चिडतील, पण वाचतील.

बाबांना शेवटचं. व्हेंडरांना आणि कामगारांना अजून निरोप गेला नसेल तर तो थांबवा. गेला असेल तर तुम्ही स्वतः जाऊन सांगा की मोहीम रद्द झाली, कुणी काही देणं लागत नाही; मुलीच्या तोंडून नको. बॅनरचे पैसे बुडाले असं समजा. तुमचे 2 लाख मात्र मोहिमेशिवायही देता येतात. रुग्णालयाला काय हवंय ते विचारा, चेक त्यांच्या नावानं काढा, आणि पावतीवरचा नंबर बरोबर आहे का, ते घरी मुलीला तपासायला सांगा.