केसपेपर आधी परत द्या

*बार्शीहून एका आईचं पत्र : मुलगी नववीत. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी माझ्या भावाच्या दवाखान्यातले मधुमेहाच्या दोनशे पेशंटचे केसपेपर आणलेत. नावं खोडणार आहोत. पंधरा हजारांत संशोधन पेपर छापून देणारे एक जण भेटलेत. पुढे एमबीबीएसला उपयोग होईल ना? तिला मात्र 'प्रार्थनेला मुलींनाच चक्कर का येते' असलं काहीतरी करायचंय.*

ताई, ते केसपेपर आजच भावाला परत द्या. मोबाइलमध्ये फोटो काढले असतील तर तेही पुसून टाका. ती माणसं औषध घ्यायला आली होती, डॉक्टरांच्या भाचीच्या प्रकल्पात यायला नाही.

'नाव खोडलं की झालं' हा समज मला सुशिक्षित घरांतच जास्त भेटतो. वय ५२, शिक्षिका, अमुक गल्ली, पायाची जखम भरत नाही, एवढं वाचून बार्शीत किती जण त्या बाई ओळखतील? म्हणूनच अशा अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी लागते. आणि अभ्यासातला सहभागी अठराच्या आतला असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही. तुमच्या लेकीच्या मैत्रिणींनाही हेच लागू होईल.

एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, छापील पेपरवर नाही. पंधरा हजार वाचले.

आता त्या 'असलं काहीतरी'कडे वळू. अख्ख्या पत्रात संशोधनाचा प्रश्न तेवढाच आहे आणि तो तुम्ही शेवटच्या ओळीत ढकललाय. विषय तुम्ही ठरवलात, माहिती मामांनी दिली, पेपर तिसराच कोणी लिहिणार. मग मुलीनं काय करायचं, फोटोला उभं राहायचं?

चक्कर म्हटलं की सगळे 'रक्त कमी' म्हणतात. तिला तिथेच शंका घेऊ दे. उपाशीपोटी उन्हात बराच वेळ ताटकळलं तर हिमोग्लोबिन चांगलं असूनही भोवळ येते. सरकारी सर्वेक्षणांचे अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात. एनएफएचएस-५ हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) म्हणतं, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. सीएनएनएस (२०१६-१८) हे मुलांच्या पोषणाचं दुसरं राष्ट्रीय सर्वेक्षण १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के सांगतं. एवढा फरक का? वयोगट वेगळा आहे. शिवाय एकात बोट टोचून रक्त घेतलं, दुसऱ्यात शिरेतून. आकडा कसा मोजला हे विचारायला नववीतली मुलगी शिकली तर मला आणखी काही नको. सोलापूर जिल्ह्याचे आकडेही तिला सापडतील. ते तिनं स्वतः वहीत उतरवावेत.

वर्गात काही विचारायचं असेल तर शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी घेऊन, बाईंच्या देखरेखीखाली. पाळीबद्दल हात वर करायला लावू नका. चिठ्ठ्याही लिहून घेऊ नका, वर्गात अक्षर लगेच ओळखतात. छापील कागदावर फक्त खुणा करू द्या. रक्त कुणाचंही तपासायचं नाही. आणि एखादीला वारंवार चक्कर येत असेल तर प्रकल्प बाजूला ठेवून तिच्या घरी कळवायचं, हे बाईंशी आधीच ठरवून ठेवा.

आज संध्याकाळी लेकीला एवढंच विचारा, चक्कर येणाऱ्या मुली सकाळी काय खाऊन येतात. बहुतेक तिला माहीत असेल.