माझ्या कादंबरीतली झाडपाला देणारी बाई शेवटी देवी होते, पण ते पटत नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की जग काल्पनिक आहे, नायिका डोंगरातल्या जमातीला औषधं देते, शेवटच्या प्रकरणात साथ थांबवताना मरते, आकाशातून प्रकाश पडतो आणि ती देवी होते. वाचणारे म्हणतात, फिल्मी वाटतं.

मीही हेच करून बसलोय. माझी बाई तर हवेत तरंगली होती. बायकोने वाचून एवढंच विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी कोणी भरलं?" ते प्रकरण त्याच रात्री गेलं.

माझ्या मते चूक प्रकाशाची नाही, घाईची आहे. देवी कोणी आपण होऊन होत नाही, मागे राहिलेले लोक तिला करतात आणि त्यांना वेळ लागतो. इजिप्तचा इम्होतेप घ्या. इ.स.पू. २६५०च्या आसपास जोसेर राजाचा बडा अधिकारी, सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड त्याने उभारला म्हणतात. त्याच्या हयातीतल्या पुराव्यात तो वैद्य असल्याचं कुठेही नाही. तरी दोन हजार वर्षांनी लोक त्याच्याकडे दुखणी घेऊन जात होते, इबिस पक्ष्यांच्या ममी वाहत होते, आणि ग्रीकांनी तर त्याला आपला वैद्यकाचा देव अस्क्लेपिअसच ठरवून टाकलं.

तो अस्क्लेपिअसही 'इलियड' या जुन्या ग्रीक महाकाव्यात नुसता एक चांगला वैद्य आहे, लढाईवर आलेल्या दोन मुलांचा बाप. देव झाला तो नंतर. ग्रीसमधल्या एपिडॉरसला त्याचं मोठं ठाणं होतं. रोग्याने रात्री तिथे झोपायचं, देव स्वप्नात येऊन उपचार करायचा. बऱ्या झालेल्यांच्या हकिगती तिथे दगडावर कोरून ठेवल्या होत्या, त्यातली एक मला फार आवडते. अथेन्सची अँब्रोसिया, एका डोळ्याने आंधळी. आवारात फिरताना हकिगती वाचून हसली, म्हणाली, लंगडे-आंधळे काय स्वप्न पाहून बरे होतात? रात्री स्वप्नात देव आला. डोळा बरा करतो म्हणाला, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. मग डोळा कापला, औषध ओतलं. सकाळी बाई दोन्ही डोळ्यांनी बघत बाहेर पडली.

या देवाला स्वभाव आहे बघा. टोमणा मारतो, फी मागतो. तुमच्या बाईला जिवंतपणी जी खोड असेल, कोणाला फुकट औषध न देण्याची, चहाडखोरांना कडू काढा पाजण्याची, ती देवी झाल्यावरही तिच्याकडे राहू द्या. भक्त तीच खोड एकमेकांना सांगत बसतील.

दुसरं, तिच्या हातून कोणीतरी सुटलं पाहिजे. चीनच्या फूचिएन किनाऱ्यावरची समुद्राची देवी माझू ही मुळात दहाव्या शतकातली मेइचौ बेटावरची पोर, लिन घराण्यातली. गोष्ट अशी सांगतात की मागावर बसल्या बसल्या तिचं अंग सैल पडलं. तिकडे समुद्रात वादळ, आणि ती बाप-भावांना लाटांतून ओढून आणत होती. आईला वाटलं पोर गेली. आईने हलवून जागं केलं आणि हातातला एक निसटला. कुठे तो भाऊ असतो, कुठे बाप. तो एक निसटला म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसतो.

पुढे तिला सरकारी बढत्याही मिळाल्या. ११२३मध्ये कोरियाला निघालेल्या शाही दूतांचं गलबत वादळातून वाचलं, श्रेय तिला गेलं, देवळाला दरबारातून पाटी आली. मग एकेक पदवी चढत ती स्वर्गाची सम्राज्ञी झाली. बढत्या सगळ्या, निवृत्ती मात्र नाही. तुमच्या जगात राजा असेल तर त्यालाही या देवीचा उपयोग दिसणारच.

त्याच किनाऱ्यावरचा वैद्य वू १०३६मध्ये वारला आणि त्याचाही देव झाला. त्याच्या देवळांत नळीतल्या काड्या हलवून एक काढायची, तिच्यावरच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीवर औषध लिहिलेलं असतं. वैद्य गेला, चिठ्ठ्या चालू.

आणि भीती विसरू नका. आपल्याकडे तर रोगालाच देवी म्हणतात. माझ्या आजीच्या दंडावर लशीचा गोल व्रण होता, ती म्हणायची, "लहानपणी माझ्या देवी काढल्या." रोगही देवी, त्याची लसही देवी! पटकीच्या दिवसांत मरीआईची पूजा करून तिचा गाडा लोक शिवेबाहेर नेऊन सोडत, म्हणजे मान द्यायचा आणि घालवायचंही. तुमच्या जमातीतही कोणीतरी म्हणेलच की साथ थांबवणारीनेच ती आणली होती. ते म्हणणाऱ्याला खलनायक करू नका, त्याचं पोर गेलं असेल.

म्हणून शेवटचं प्रकरण काढा आणि साठ वर्षांनंतरचं लिहा. तिला पाहिलेली एकच म्हातारी उरली आहे. देवळातल्या मूर्तीला चार हात, चेहरा गोरा, हातात कमळ. म्हातारी म्हणते, "ती काळी होती, नि तिला दम लागायचा." पुजारी तिला गप्प बसवतो. गाभाऱ्यात झिजलेला खलबत्ता आहे, त्यातली राख अंगारा म्हणून वाटतात. त्यात पूर्वी काय कुटायची हे कोणालाच माहीत नाही. म्हातारीला माहीत आहे. ती सांगते की नाही, ते तुम्ही ठरवा.

चांदीचं डुक्कर मात्र हवं तर खुशाल उचला. तेवीसशे वर्षांपूर्वीचं आहे, हक्क सांगायला कोणी येत नाही.