जातीच्या दाखल्यासाठी 1961 च्या आधीचा पुरावा नसेल तर आधी जुनं रजिस्टर शोधा, शाळेचा दाखला दुरुस्त करत बसू नका

दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. मुलगी बारावीला, तिला जातीचा दाखला हवा, आपण कैकाडी, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू', आणि सेतूवाला म्हणतो प्रतिज्ञापत्र करा, शाळेतून जात लिहून आणा, होऊन जाईल. मला पण असंच सांगितलं होतं.

उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, वंशावळ हे तुम्हाला माहीतच असेल, सोडून देतो.

माझ्या शाळेचे मुख्याध्यापक भला माणूस, त्यांनी जुन्या रजिस्टरात 'हिंदू'च्या पुढे 'कैकाडी' लिहिलं, सही केली, नवीन दाखला दिला. त्यावर पोरीचा जातीचा दाखला पण निघाला, आम्ही पेढे वाटले. जात पडताळणीला समितीच्या दक्षता पथकाने मूळ रजिस्टर उघडलं तर शाई वेगळी, अक्षर वेगळं आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा आदेश नाही. संपलं. खरा कैकाडी असून खाडाखोड करणारा ठरलो, नंतर दिलेले खरे कागद पण उलटेपालटे करून बघायला लागले. पोरीची ॲडमिशन ओपनमधून, फी पूर्ण, रिक्षा विकली.

त्यात एक ऑफिस होतं, नाव घेत नाही, तिथे सात चकरा आणि दरवेळी एकच वाक्य, '21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा आणा.' (विमुक्त जातींसाठी हीच तारीख धरतात.) अहो, आजोबा गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव टोपल्या, कणग्या विकत फिरत होते, कुठलं लाइटबिल आणू? इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याखाली आम्हाला गुन्हेगार ठरवलं तेव्हा हजेरी घ्यायला आमची पालं बरोब्बर सापडायची. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, आणि आता खिडकीवर विचारतात तुम्ही नक्की कुठले. जाऊ दे, बीपी वाढतो.

काम झालं ते चुलत्यांमुळे. म्हातारा सहज बोलून गेला की सिन्नरकडच्या एका गावात पालं पडली होती तेव्हा तुझ्या बापाला मास्तरांनी धरून शाळेत बसवलं होतं, जेमतेम एक पावसाळा. गेलो, शिपायाने माळ्यावरून रजिस्टर काढलं, 1959 ची नोंद, जात कैकाडी, पालकाचा धंदा टोपल्या. उभ्या उभ्या रडलो.

म्हणून माझं मत (मी वकील नाही, नियम बदलतात, एकदा जाणकाराला विचारा): नवीन कागद बनवू नका, जुना शोधा. आजोबा, चुलत आजोबा, आत्या, वडिलांकडचं कुणीही एक वर्ष जरी शाळेत गेलं असेल तर तिथलं जनरल रजिस्टर बघा, तहसीलला गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद बघा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) झालेली असेल तर ती आधी मागा, भाऊबंदकी बाजूला ठेवून. आणि अर्ज नाशकात राहता म्हणून नाशकात टाकू नका, 1961 ला घरचे जिथे होते तिथल्या प्रांताधिकाऱ्याकडे टाका. विदर्भातल्या पाहुण्यांचा दाखला बघून फसू नका, तिकडे कैकाडी एससीत आहेत, आपण इकडे विमुक्त जाती अ.

काहीच नाही सापडलं तर स्थानिक चौकशीची लेखी मागणी करा आणि पोच घ्या, तोंडी बोलणं कुणालाच आठवत नाही.

आणि जुना दाखला सापडला तर कौतुकाने लॅमिनेशन करू नका हो, आमच्या मेव्हण्याने केलं, मागचा शिक्का दिसेना म्हणून परत पाठवला.